हिजलीचा युद्धकालीन विमानतळ



नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या जुन्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या मार्गावर, हावडा सुमारे ११५ किलोमीटर उरले असता, खडगपूर हे मोठे जंक्शन लागते. येथील जमीन तांबडी, जांभ्याची आहे. कोकणातील अथवा गोव्यातील माणसास ती पाहताच ओळखीची वाटावी. पूर्वी या भागात सालवृक्षांची दाट वने होती. या खडगपूरला लागूनच हिजली नावाचे स्थान आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांचा जो मोठा तळ या परिसरात उभारला गेला, त्याचा इतिहास जाणून घेण्याजोगा आहे. कारण एकाच भूमीवर बंदिवास, युद्ध आणि विद्या या तीन गोष्टी एका पिढीच्या काळात कशा नांदून गेल्या, हे त्यातून दिसून येते.

हिजलीची मुख्य इमारत मुळात एका नियोजित जिल्ह्याच्या कचेरीसाठी बांधली गेली होती. तो जिल्हा अस्तित्वात आला नाही. पुढे १९३० साली, कायदेभंगाच्या चळवळीत तुरुंग अपुरे पडू लागले तेव्हा, ब्रिटिश सरकारने येथे स्थानबद्धांची छावणी उघडली. १६ सप्टेंबर १९३१ रोजी या छावणीतील निःशस्त्र स्थानबद्धांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त हे दोघे देशभक्त मृत्युमुखी पडले. सुभाषचंद्र बोस त्यांचे मृतदेह घेण्यासाठी हिजलीला गेले आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी कलकत्त्याच्या जाहीर सभेत या कृत्याचा निषेध केला. ही छावणी अखेर १९४२ साली बंद झाली.

त्याच वर्षी जपानने ब्रह्मदेश जिंकला आणि चीनकडे जाणारा खुष्कीचा मार्ग तुटला. अमेरिकेने तेव्हा बी-२९ हे नवे, चार इंजिनांचे, लांब पल्ल्याचे बॉम्बफेकी विमान तयार केले होते. त्याच्या पंखांचा विस्तार १४१ फूट होता आणि पूर्ण भरल्यावर त्याचे वजन साठ टनांच्या आसपास जाई. या विमानांनी खुद्द जपानवर हल्ला करावा, अशी योजना १९४३ च्या अखेरीस ठरली. बंगालपासून जपान फार दूर. म्हणून मुख्य तळ बंगालमध्ये आणि पुढचा तळ चीनमधील चेंगडू येथे, अशी दुहेरी व्यवस्था करण्यात आली. खडगपूरच्या आसपास १९४२-४३ मध्ये लहान विमानांसाठी केलेले विमानतळ होतेच. त्यांपैकी खडगपूर, चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी आणि कलाईकुंडा हे निवडून, अवजड बी-२९ विमानांसाठी सुमारे ७,५०० फूट लांबीच्या धावपट्ट्या करण्याचे काम हाती घेण्यात आले. हिजलीच्या रिकाम्या इमारतीत अमेरिकेच्या विसाव्या बॉम्बर कमांडचे मुख्यालय आले. जेथे कालपर्यंत स्वातंत्र्यासाठी झगडणारे तरुण कोंडलेले होते, तेथे आता भिंतींवर जपानचे नकाशे लागले.

हे काम कोणी केले, हा प्रश्न येथे विचारला पाहिजे. सुमारे सहा हजार अमेरिकन सैनिक आणि सुमारे सत्तावीस हजार भारतीय मजूर या तळांच्या बांधकामावर होते. यंत्रसामग्री समुद्रमार्गे येण्यास विलंब लागला, त्यामुळे पुष्कळसे काम माणसांच्या हातांनीच झाले. पुरुष दगड फोडीत, स्त्रिया डोक्यावर खडीच्या पाट्या वाहत. हा काळही ध्यानात ठेवला पाहिजे. ऑक्टोबर १९४२ मध्ये याच मेदिनीपूर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर भयंकर चक्रीवादळ आदळले होते आणि १९४३ साली बंगालमध्ये महादुष्काळ पडला. त्यात मृत्यू पावलेल्यांचा अंदाज पंधरा लाखांपासून तीस लाखांपर्यंत केला जातो. ज्या जिल्ह्यात माणसे भुकेने मरत होती, त्याच जिल्ह्यात जगातील सर्वांत अवजड बॉम्बफेकी विमानांसाठी धावपट्ट्या तयार होत होत्या.

२ एप्रिल १९४४ रोजी पहिले बी-२९ विमान चाकुलियाच्या धावपट्टीवर उतरले. अमेरिकेतून आफ्रिका आणि कराची यामार्गे ही विमाने येत असत. त्यांची इंजिने फार तापत आणि बंगालचा उन्हाळा तर त्यांना मुळीच मानवत नसे. दुपारी विमानाच्या पत्र्यास हात लावणे अशक्य होई, म्हणून दुरुस्तीची कामे शक्यतो पहाटे आणि सायंकाळनंतर करावी लागत. चेंगडूच्या तळावर इंधनाचा एकही थेंब जमिनीवरून पोहोचत नव्हता. पेट्रोल आणि बॉम्ब हिमालयावरून विमानांनीच वाहून न्यावे लागत. जपानवर एक हल्ला करण्यासाठी आधी किती तरी खेपा कराव्या लागत. या योजनेतील मूळचे वैगुण्य हेच होते.

५ जून १९४४ रोजी बंगालच्या तळांवरून ९८ विमाने बँकॉकच्या रेल्वे कारखान्यावर चालून गेली. त्या दिवशी जी विमाने गमवावी लागली, ती शत्रूच्या माऱ्याने नव्हे, तर बिघाड आणि अपघात यांमुळे. १५ जून रोजी चेंगडूहून निघालेल्या विमानांनी जपानमधील यावाता येथील पोलाद कारखान्यावर हल्ला केला. त्यांपैकी ४७ विमानांनी तेथे बॉम्ब टाकले, परंतु कारखान्याची हानी अल्पच झाली. पुढे सिंगापूर, रंगून इत्यादी ठिकाणी हल्ले झाले. डिसेंबर १९४४ मध्ये चीनमधील जपानव्याप्त हँकौ शहरावर आग लावणारे बॉम्ब टाकण्यात आले आणि तेथील गोद्या दिवसेंदिवस जळत राहिल्या. हीच पद्धत मार्च १९४५ मध्ये टोकियोवर वापरली गेली आणि एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मेली. टोकियोवर गेलेली विमाने प्रशांत महासागरातील मारियाना बेटांवरून उडाली होती. ती बेटे हाती आल्यावर बंगालच्या तळांची गरज सरली. मार्च १९४५ च्या अखेरीस येथून शेवटची मोहीम झाली आणि विमाने टिनियन बेटाकडे रवाना झाली. एवढ्या श्रमाने उभारलेल्या तळांवरून त्यांचे युद्धकार्य जेमतेम दहा महिने चालले.

त्यानंतर या तळांचे काय झाले? कलाईकुंडा येथे आज भारतीय वायुसेनेचे केंद्र आहे. दुधकुंडीचा उपयोग वायुसेनेच्या नेमबाजीच्या सरावासाठी होतो. खडगपूरजवळ सालुवा येथे ईस्टर्न फ्रंटियर रायफल्सचे मुख्यालय आहे. चाकुलिया आणि पियारडोबा येथे जुन्या धावपट्ट्या अजून दिसतात.

हिजलीच्या वाट्यास मात्र वेगळे भाग्य आले. उच्च तंत्रशिक्षणाची संस्था कोठे काढावी याचा विचार चालू असता, बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र राय यांच्या प्रयत्नाने हे स्थान निवडले गेले. १९५० साली संस्थेचे काम कलकत्त्याहून येथे आले. १८ ऑगस्ट १९५१ रोजी मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या हस्ते देशातील पहिल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे उद्घाटन झाले. आरंभी २२४ विद्यार्थी आणि ४२ अध्यापक होते. ज्ञानचंद्र घोष हे पहिले संचालक. स्थानबद्धांच्या कोठड्या ज्या इमारतीत होत्या, तेथेच पहिले वर्ग भरले. त्या इमारतीत आज विज्ञान-तंत्रज्ञानाचे संग्रहालय आहे.

यावरून एक बोध घेण्यासारखा आहे. भूमी स्वतः चांगली किंवा वाईट नसते. तिच्यावर काय उभे करावयाचे, हे माणसे ठरवितात. परंतु दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. विमाने चालविणाऱ्यांची नावे त्यांच्या पथकांच्या इतिहासात नोंदलेली आहेत, सेनापतींची तर आहेतच. खडीच्या पाट्या वाहणाऱ्या हजारो स्त्रीपुरुषांची नावे मात्र त्या इतिहासात आढळत नाहीत.

अशा धावपट्ट्या देशात अनेक ठिकाणी झाल्या. बेळगावजवळील सांबरा येथील विमानतळही १९४२ सालचाच. ज्या गावाच्या शिवारात असे जुने बांधकाम असेल, तेथील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना तेथे न्यावे. ती जमीन कोणाची होती, मोबदला काय मिळाला, कामावर कोण गेले होते, हे घरोघरी विचारून लिहून ठेवावे. ते दिवस प्रत्यक्ष पाहिलेले लोक आता फार थोडे उरले आहेत. त्यांच्या मुलानातवंडांनी ऐकलेले तरी टिपून घ्यावे. महसुली अधिकाऱ्यांनी जुन्या भूसंपादनाचे कागद वाळवीपासून जपावेत आणि अभ्यासूंना पाहू द्यावेत. काँक्रीट पुष्कळ वर्षे टिकते. ते ज्यांच्या हातांनी घातले गेले त्यांची आठवण तेवढी टिकत नाही. ती लिहून ठेवली तरच राहते.