पहिली गोधडी घरी

(वार्षिक मिशन उपासनेनंतर भरलेल्या गोधड्यांच्या प्रदर्शनात एका कार्यकर्त्या भगिनीने केलेले भाषण)



उपासना संपल्यापासून आपण सगळे या सभागृहात फिरत आहात. दोऱ्यांवर टांगलेल्या गोधड्यांपुढे थांबून कोणी रंगांचे कौतुक करते, कोणी म्हणते, "अगदी आमच्या आजीच्या हातची वाटते." ते ऐकून फार बरे वाटले. चहा होईपर्यंत मला या गोधड्यांविषयी थोडे बोलायचे आहे.

आधी एक विनंती. गोधडी पुढून पाहिलीत, आता उलटूनही पाहा. पुढच्या बाजूला ठिगळांची नक्षी असते, डोळा तिथेच अडकतो. मागच्या बाजूला बहुधा एकाच साडीचा साधा पट असतो, त्यामुळे तिथे फक्त टाके दिसतात. शिवणारीचा हात तिथे कळतो. ओळ कुठे सरळ गेली, कुठे दोरा संपला आणि नवा जोडला, कुठे दिवा मंद झाल्यामुळे टाके मोठे पडले, हे सारे मागे लिहिलेले असते.

गोधडी कशी होते, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना सांगायला नको, पण तरुणांसाठी सांगते. जुनी सुती लुगडी, साड्या, धोतरे धुऊन सुकवायची. सारवलेल्या अंगणात एकावर एक थर पसरायचे. सुरकुती राहू नये म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. मग मोठे टाके घालून थर बांधून घ्यायचे आणि कडेकडेने धावदोरा घालत आत सरकायचे. कापड जुनेच लागते. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ कोणी लावत नाही, हे आपल्या प्रभूने सांगितले ते आमच्या बायकांना समजावून सांगावे लागत नाही. कोरे कापड धुतल्यावर आटते आणि शेजारचे जुने कापड ओढून फाडते. नासरेथच्या घरात हे काम त्याने पाहिले असेल, असे मला नेहमी वाटते.

आता थोडा हिशेब करू. समजा, चार फूट रुंद आणि सहा फूट लांब अशी मध्यम गोधडी आहे. अर्ध्या अर्ध्या इंचावर ओळी धरल्या तर 96 ओळी होतात. प्रत्येक ओळ सहा फुटांची, म्हणजे 72 इंचांची. इंचाला तीन टाके धरले तर एका गोधडीत 20 हजारांहून जास्त टाके पडतात. मिनिटाला 15 टाके घातले तरी नुसते टाके घालायला 23 तास लागतात. कापड धुणे, कातरणे, जुळवणे वेगळे. शेतातली मजुरी, पाणी, चूल आणि मुले यांतून रोज तीन तास मिळाले, तर ते आठ दिवस झाले. तेवढे तीन तासही रोज मिळत नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे.

हा हिशेब मांडण्याचे कारण आहे. दरवर्षी या सभागृहात कौतुकाच्या पाठोपाठ एक वाक्य येते, "जुन्याच कपड्यांची तर आहे, थोडे कमी करा. मिशनचेच काम ना?" असे म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, हे मी जाणते. पण कापड जुने असले तरी हात जुना नाही, आणि दिवस तर मुळीच जुने नाहीत. कामकरी आपल्या मजुरीला योग्य आहे, असे प्रभूने आपल्या शिष्यांना पाठवताना सांगितले. ते वचन आपण प्रचारकांना आणि पाळकांना लावतो. ते सुईलाही लागू आहे.

हे कौशल्य फक्त आपल्या भागात आहे असे नाही. उत्तर कर्नाटकात, हल्याळ आणि यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीजांच्या काळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या लोकांचे वंशज त्यांत आहेत. त्या गुलामीतून निसटून त्यांचे पूर्वज घाटावरच्या रानात आले. त्यांच्यात ख्रिस्ती, हिंदू आणि मुसलमान अशी तिन्ही घरे आहेत. त्यांच्या बोलीत कोकणी आणि मराठी शब्द भरपूर सापडतात. 2003 मध्ये तेथील सिद्दींचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. या समाजातल्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. कवंदीचे काम कडेपासून सुरू होते आणि चारी बाजूंनी फिरत फिरत मधोमध संपते. शेवटी चारी कोपऱ्यांवर घडी घातलेले छोटे त्रिकोणी तुकडे शिवतात, त्यांना फुला म्हणतात. फुला नसेल तर कवंदी उघडी राहिली असे त्या मानतात. काही ख्रिस्ती घरांतल्या कवंदींवर ठिगळांतून क्रूसही उमटतो.

2011 मध्ये या कवंदी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या शोम्बर्ग केंद्रात मांडल्या गेल्या. गुलामांच्या लेकींनी फाटक्या कपड्यांतून जोडलेली पांघरुणे पाहायला तिथे लोक आले. पण मूळ कवंदी प्रदर्शनासाठी नव्हती. ती पाळण्यातल्या बाळासाठी होती, एका पांघरुणात निजणाऱ्या तीन-चार भावंडांसाठी होती. आधी ऊब आणि मग कौतुक, असा तिचा क्रम होता.

प्रियजनहो, पवित्र शास्त्रातही हातच्या कामाचे एक प्रदर्शन आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापो गावची टबीथा, म्हणजेच दुर्कस, मरण पावते. पेत्र माडीवर जातो तेव्हा विधवा त्याच्याभोवती रडत उभ्या राहतात आणि दुर्कसने त्यांच्याबरोबर असताना केलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवतात. तिने काय शिकवले, काय बोलली, याचा एक शब्दही तिथे नाही. तिची साक्ष म्हणजे ते कपडे. पण लक्षात घ्या, ते कपडे दाखवत कोण होते? तिच्या दयेने ज्यांचे अंग झाकले गेले, त्या विधवा. त्या प्रदर्शनात शिवणारी आणि पांघरणारी यांच्यामध्ये कोणी तिसरा नव्हता.

आपल्या प्रदर्शनाला हीच कसोटी लावून पाहू. सकाळपासून बऱ्याच जणांनी मला विचारले, "यंदा गोधड्या कमी का?" त्याचे उत्तर द्यायलाच मी उभी आहे.

मागच्या हिवाळ्यात गटाच्या बैठकीत एक आजी उठल्या. त्या म्हणाल्या, "आम्ही शहरासाठी शिवतो. चांगले सुती कापड निवडून शहरासाठी ठेवतो. आमच्या घरी पाच माणसे आणि दोन गोधड्या. नात मला विचारते, आजी, सगळ्यात चांगली गोधडी कोणाची?" बैठक बराच वेळ गप्प होती. मग बायकांनीच नियम केला की, हंगामातली पहिली गोधडी घरी राहील आणि दुसरीपासून पुढच्या विकायच्या.

दिवाळीनंतर यांतली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. उसाच्या फडाजवळच्या कोपीत, ओल्या जमिनीवर, मुले त्याच गोधडीत निजतात. म्हणून यंदा या दोऱ्यांवर मोकळी जागा दिसते. ती जागा पाहून मी देवाचे आभार मानते. इथे नसलेली प्रत्येक गोधडी आज एखाद्या पाड्यावर कोणाच्या तरी अंगावर आहे.

देवाने इस्राएलाला दिलेल्या नियमांत पांघरुणाविषयी एक नियम आहे. निर्गमाच्या 22व्या अध्यायात तो सांगतो की, शेजाऱ्याचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्य मावळण्यापूर्वी परत करावे. त्याच्याजवळ तेवढेच पांघरूण आहे, मग तो काय पांघरून निजेल, असा प्रश्न देव स्वतः विचारतो. आकाश आणि पृथ्वी उत्पन्न करणारा देव एका गरिबाच्या रात्रीची काळजी करतो. आमच्या बायकांनी बैठकीत केलेला नियम मला त्या वचनाच्या अगदी शेजारी बसलेला दिसतो.

तेव्हा आपणांकडे तीन गोष्टी मागते. पहिली, लिहिलेली किंमत ही गटाने बसून ठरवलेली किंमत आहे. ती परवडत नसेल तर गोधडी घेऊ नका, नुसते पाहा आणि कौतुक करा. त्यात कमीपणा नाही. पण घासाघीस करू नका, आणि दया म्हणून जास्तही देऊ नका. वस्तू आवडली म्हणून घ्या.

दुसरी, घरातल्या जुन्या सुती साड्या, धोतरे, चादरी धुऊन द्या. नायलॉनच्या साड्या नकोत. त्यांवर सुई घसरते आणि थंडीत ऊब मिळत नाही. दुर्कसच्या हाती आपण काय ठेवले असते, याचा विचार करून गाठोडे बांधा.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी. प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्याला शिवणारीच्या नावाची चिठ्ठी आहे. ते नाव वाचा. आज त्यांतल्या बऱ्याच जणी दाराजवळच्या सतरंजीवर बसल्या आहेत. त्यांच्याजवळ जा, नावाने हाक मारा, शेजारी बसा, हा पट्टा कुठल्या लुगड्याचा ते विचारा. त्या लाजतील, पण सांगतील. पेत्राने दुर्कसला नावाने हाक मारली होती.

आणि आज रात्री आपल्या घरी पांघरूण ओढून घेताना, फडावरच्या कोपीत निजलेल्या लेकरांसाठी एक वाक्य प्रार्थना करा. आपल्या पंखांखाली लहानथोरांना आसरा देणारा प्रभू त्यांना ऊब देवो, त्यांच्या आयांच्या हातांना बळ देवो आणि आपणां सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.