शाईच्या पडद्यावरील मराठी वाचन
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



वाचनाविषयी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. मी साहित्यिक नव्हे. माझी हयात छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेली. पुस्तकांतील विचारांपेक्षा त्यांतील अक्षरांशीच माझा परिचय अधिक. गेली तीन वर्षे आमच्या घरी एक वाचनयंत्र नित्य वापरात आहे. त्याचा अनुभव त्याच दृष्टीने आपणांपुढे ठेवीत आहे.

हे यंत्र म्हणजे शाळेच्या पाटीएवढी एक पातळ फळी. मोबाइलच्या पडद्यामागे दिवा असतो व त्याचा उजेड सरळ डोळ्यांत येतो. येथे तसे नाही. ह्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असून त्यांत पांढरे व काळे कण तरंगत असतात. दोहोंवर परस्परविरुद्ध विद्युद्भार असल्यामुळे विजेच्या इशाऱ्यासरशी कोठे पांढरे वर येतात, कोठे काळे. आणि एकदा वर आलेले कण वीज थांबली तरी जागचे हलत नाहीत. म्हणजे अक्षर उमटले की कागदावरच्या शाईप्रमाणे तेथेच राहते. अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेतील संशोधनातून ही युक्ती निघाली. तिच्यासाठी १९९७ साली ई-इंक नावाची कंपनी स्थापन झाली, २००४ साली सोनीने जपानात अशा पडद्याचे वाचनयंत्र विक्रीस आणले आणि २००७ साली ॲमेझॉनचे किंडल आले.

मराठी वाचकाच्या दृष्टीने खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. किंडलसारखे यंत्र हे एकाच दुकानदाराचे कपाट होय. मराठी पुस्तकांसाठी त्यातील एक फळी मोकळी व्हावयास २०१६ साल उजाडावे लागले. आमच्या घरचे यंत्र अँड्रॉइड प्रणालीवर, म्हणजे बहुतेक मोबाइल चालतात त्याच प्रणालीवर चालते. त्यामुळे त्यात बुकगंगाचे ॲप बसते, किंडलचेही बसते, आणि राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने विनामूल्य उपलब्ध करून दिलेले ग्रंथही उघडतात. साध्या यंत्रापेक्षा ते महाग पडते खरे. परंतु ज्याला मुख्यतः मराठीच वाचावयाचे आहे त्याने हा खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या मातोश्रींचे वय आज ८७ आहे. दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया होऊनही छापील पुस्तक त्यांस भिंगावाचून वाचवत नव्हते, आणि भिंग धरून हात भरून येई. हळूहळू वाचन सुटले. ज्या बाईने पंचवीस वर्षे वाचनालयाचे पुस्तक एक दिवसही उशिरा परत केले नाही, ती दुपारभर दूरदर्शनसंचापुढे मुकाट बसू लागली. हे यंत्र आणले ते त्यांच्यासाठी. आता अक्षर हवे तेवढे मोठे करून, पोथी ठेवावयाच्या घडीच्या लाकडी चौकटीवर ते ठेवून, त्या गच्चीच्या उजेडात वाचतात. उन्हात मोबाइलचा पडदा दिसेनासा होतो. हा उलट अधिक खुलतो. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या त्यांनी ह्या रीतीने पुन्हा वाचून काढल्या. हरिभाऊ १९१९ साली निवर्तले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखनाचे हक्क सर्वांस मोकळे होतात, त्यामुळे त्या घेण्यास कोणाची हरकत नाही.

आता माझ्या धंद्यातील तक्रारी. कित्येक ॲपांत देवनागरी म्हणजे हिंदी असे गृहीत धरलेले असते. मग ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. ‘वाऱ्यावर’ ह्या शब्दातील ‘र’ने नीट वाकून ‘य’ला चिकटावे, तर तो क्वचित पाय मोडून वेगळाच उभा राहतो. अशा वेळी आपल्या पसंतीचा मराठी वळणाचा टंक यंत्रात घालता येतो, आणि हा लाभ लहान नव्हे. बारीक टंक ह्या पडद्यावर फिकट दिसतो, काना-मात्रा विरून जातात. यास्तव ठळक टंकच निवडावा. युनिकोडपूर्वीच्या टंकांत टाइप केलेला मजकूर उघडला तर मराठीऐवजी भलतीच चिन्हे दिसतात; त्यास मात्र रूपांतरावाचून उपाय नाही.

जुन्या ग्रंथांच्या छायाप्रती, ज्यांस पीडीएफ म्हणतात, त्यांची गोष्ट निराळी. तेथे अक्षर वाढविता येत नाही, पानच वाढवावे लागते. सहा इंची पडदा त्या कामी तोकडा पडतो. आमचा पडदा १०.३ इंचांचा, म्हणजे उंचीने जवळजवळ डेमी अष्टपत्री पानाएवढा आहे. पिवळा कागद त्यावर राखी दिसतो. समास छाटून काळेपणा वाढविला की वाचनीय होतो. आपल्या मंडळाची एक जुनी स्मरणिका मी अशा रीतीने यंत्रात घातली. तिच्यातील मॅट्रिक उत्तीर्ण मुलींच्या यादीत मातोश्रींना स्वतःचे माहेरचे नाव सापडले. त्यांनी ते बोटाने दोनदा दाबले, आणि पान पुढे सरकले म्हणून यंत्रावर रागावल्या. मंडळाच्या कपाटातील इतर अंकांचा कागद इतका ठिसूळ झाला आहे की दुमडलेला कोपरा हातात येतो. त्यांच्या छायाप्रती ह्याच वर्षी काढाव्यात, अशी मी मंडळास लेखी विनंती केली आहे.

अँड्रॉइडचे दरवाजे सताड उघडे असल्याने नको ते पाहुणेही आत येतात. नातवाने हौसेने व्हॉट्सॲप घातले आणि वाचता वाचता लग्नांच्या, बारशांच्या सूचना पानावर येऊ लागल्या. मी ते त्याच दिवशी काढून टाकले. चलच्चित्रे ह्या पडद्यावर अडखळत व डागाळत चालतात. हा दोष मला गुणच वाटतो. मागील पानाची पुसट छाया पुढच्या पानावर राहते, तेव्हा पडदा एकदा पूर्ण काळा-पांढरा करून स्वच्छ करावा लागतो. साधी वाचनयंत्रे एका भारणीत काही आठवडे चालतात. आमचे वायफाय चालू राहिले तर चार-पाच दिवसांतच विजेसाठी हात पसरते. शिवाय प्रणाली जुनी झाली की नवी ॲपे तिच्यावर बसेनाशी होतात. छापील पुस्तकास असले वार्धक्य नाही.

मला सर्वांत खुपते ते निराळेच. आपल्या घरांत पुस्तक एका हातून दुसऱ्या हाती जात आले. येथे विकत घेतलेले बहुतेक पुस्तक विकणाऱ्याच्याच ॲपमध्ये उघडते. शेजारी देता येत नाही, लेकीला आंदण देता येत नाही. २००९ साली ॲमेझॉनने हक्कांच्या वादामुळे जॉर्ज ऑर्वेलच्या कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या होत्या. पैसे परत दिले, पण पुस्तक गेले. म्हणून ज्या पुस्तकाशी जीव जडला आहे ते आम्ही छापीलच घेतो, आणि यंत्रातही ठेवतो.

यंत्र सोबत आणले आहे. व्याख्यानानंतर ते बाहेर वर्गणीच्या मेजावर ठेवीन. ज्येष्ठ मंडळींनी प्रथम हाताळावे. उजव्या कडेस बोट टेकले की पान पुढे जाते, डाव्या कडेस टेकले की मागे.