रोहिणी ते गोदावरी : पाण्याचा वाटा आणि पाण्याचा हिशेब

(वर्षावास व्याख्यानमालेतील भाषण)



बँकेतल्या कारकुनाने पाण्यावर काय बोलावे, असे काहींनी मला विचारले. त्याचे उत्तर आपल्या त्रिरश्मी लेण्यांत आहे. लेण्यांवर गेल्यावर आपण चैत्यगृह पाहतो, बुद्धमूर्तीला वंदन करतो आणि खडकात कोरलेल्या पाण्याच्या पोढींजवळून तसेच पुढे जातो. उषवदाताच्या शिलालेखात मात्र लेण्याबरोबर पोढी करवून घेतल्याची नोंद मुद्दाम केलेली आहे. तिथेच दहाव्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी द्रव्य दिले आणि ते कारागिरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांतल्या ‘ओदयंत्रिक’ श्रेणीकडे 2000 कार्षापण होते. पाण्याची यंत्रे करणारे कारागीर, असा या शब्दाचा अर्थ अभ्यासक लावतात. या ठेवीचे नाव अक्षयनीवी. मुद्दल मोडायचे नाही, व्याजावर खर्च भागवायचा. आमच्याकडची मुदत ठेवसुद्धा इतकी पक्की नसते!

सुमारे सतराशे वर्षांपूर्वी पाण्याच्या कारागिरांची एवढी पत होती. आज धरणाचे भूमिपूजन थाटात होते. पण पुढे गाळ कोण काढणार, गळका दरवाजा कोण दुरुस्त करणार, यासाठी मुद्दल बाजूला ठेवलेले सहसा दिसत नाही. निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर पाहा. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळचा हा जुना बंधारा गाळाने भरत गेला, तिथे पाणथळ तयार झाली, पक्षी आले आणि जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद जाहीर झाली. पक्ष्यांचे कल्याण झाले, त्याचा आनंदच आहे. पण ज्या जागेत पाणी साठायचे तिथे माती साठली, हेही खरे.

आता भांडणाकडे येतो. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहणे हे मानलेले नाही. त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला. शाक्य आणि कोलिय दोघेही त्या नदीवर शेती करीत. सेवकांमध्ये मारामारी झाली आणि शाक्य संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने विरोध केला. दोन माणसे आपली, दोन कोलियांची, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि निवाडा करावा, अशी त्याची सूचना होती. ती बहुमताने फेटाळली गेली. मला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्या माणसांचीही आगळीक आहे, हे तो कोलियांच्या गावात जाऊन नव्हे, आपल्याच सभेत उभा राहून सांगत होता.

आपण नाशिककर गोदावरीच्या वरच्या अंगाला बसलेलो आहोत. खाली पैठणला जायकवाडी, 1976 साली लोकार्पण झालेले, मराठवाड्याची तहान भागवणारे धरण. 2005 च्या कायद्याने राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले. त्या प्राधिकरणाने 19 सप्टेंबर 2014 रोजी आदेश दिला, की 15 ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे. हा टक्का किती असावा यावर पुढे पुन्हा वाद झाले. 2015, 2018, 2023 या वर्षी पाणी सोडले गेले आणि दरवेळी इथे ‘आमचे पाणी’ म्हणून मोर्चे, निवेदने, कोर्टकचेऱ्या झाल्या.

2015 साली शहरात पाणीकपातीची चर्चा होती. जेवणाच्या सुट्टीत मीही तावातावाने ‘आमचे पाणी’ म्हणालो. समोर पैठणकडचे एक सहकारी डबा खात होते. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, पाऊस त्र्यंबकच्या डोंगरावर पडतो. तुमचं म्हणजे नेमकं कुणाचं?” मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

खालच्यांचे सगळेच बरोबर, असे मी म्हणत नाही. जायकवाडीच्या लाभक्षेत्रातही ऊस आहे. कोरड्या पात्रातून पाणी जाताना मुरते आणि वाटेत लोक मोटारी टाकतात. म्हणून तेवढे दिवस काठावरची वीज तोडावी लागते. पण गंगापूर, दारणा, मुकणे यांचे स्वच्छ पाणी आपण पितो आणि खाली काय पाठवतो? शहराचे सांडपाणी गोदावरीत मिसळते ही तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली. नदीवर पसरलेल्या पाणवेली पाहिल्या की निराळा पुरावा लागत नाही. आधी हा हिशेब आपल्याच सभेत मांडायला हवा.

1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे, वीज ही कामेही त्यांच्याकडे होती. दामोदर योजनेची आखणी त्याच काळातली. आजच्या केंद्रीय जल आयोगाचा आरंभ 1945 च्या आयोगापासून झाला. प्रांतांच्या सीमा विसरून सगळे खोरे एक धरावे, हे त्यांच्या धोरणाचे सूत्र होते. चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क मागणारा माणूस पुढे नद्यांचे नियोजन करीत होता, हे आपल्या मुलांना शाळेत क्वचितच सांगितले जाते.

हे सारे मोठ्यांचे काम, असे वाटत असेल तर ओझरला जाऊन या. वाघाड कालव्याच्या शेपटाला असलेल्या या गावाला पाणी पोचत नसे. बापू उपाध्ये, भरत कावळे आणि समाज परिवर्तन केंद्राच्या कार्यकर्त्यांनी 1991 च्या सुमारास पाणीवापर संस्था उभ्या केल्या. त्यांतल्या एकीचे नाव महात्मा फुले. सरकारकडून पाणी मोजून घ्यायचे, सभासदांना मोजून द्यायचे आणि पट्टी वेळेवर भरायची. पुढे वरच्या गावांनीही संस्था काढल्या आणि 2003 मध्ये संपूर्ण प्रकल्पाची एक संस्था झाली. नाशिक जिल्ह्यातल्याच शेतकऱ्यांनी वर-खालचा तंटा मोजमापाने मिटवला आहे.

शेवटी घरातलेच. आपल्या विहाराची टाकी पहाटे भरून वाहते, कारण कॉक बंद करायला कोणी नसते. पुढच्या सभेत बॉलकॉक आणि मीटर बसवण्याचा ठराव मी मांडणार आहे. वर्गणीच्या वहीत पहिली नोंद माझी करावी. जयभीम!