जबड्याची सुधारक शस्त्रक्रिया : नियोजनाचा विचार

(सुपा येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



चेहऱ्याच्या व्यंगाविषयी आपल्याकडे उघडपणे बोलले जात नाही. मुलीला स्थळे येऊ लागली की मात्र पालक विचारतात, "डॉक्टर, पुढच्या महिन्यापर्यंत जबडा मागे घेता येईल का?" येत नाही, आणि त्याची कारणे आज सांगावयाची आहेत.

चेहऱ्याच्या हाडांपैकी खालचा जबडा सर्वांत उशिरापर्यंत वाढतो. मुलींमध्ये साधारणतः १६-१७ आणि मुलांमध्ये १८-२० वर्षांपूर्वी पुढे आलेला जबडा मागे घेतला, तर तो पुन्हा पुढे येण्याचा संभव असतो. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. लहानपणी हनुवटीवर पडल्याने किंवा कानातील पू पसरल्याने काही मुलांचा जबड्याचा सांधा आखडतो. तोंड उघडत नाही, जबडा वाढत नाही, रात्री श्वास अडकतो. अशा मुलाला वयाची वाट पाहावयास लावणे घातक होय. त्याचा सांधा मोकळा करावा लागतो. काहींच्या बाबतीत हाड कापून दररोज सुमारे एक मिलिमीटर ताणत लांब केले जाते. सोव्हिएत रशियातील इलिझारोव्ह यांनी हातापायांच्या हाडांसाठी रूढ केलेले हे तत्त्व मॅकार्थी यांनी १९९२ साली खालच्या जबड्यासाठी वापरल्याचे प्रसिद्ध केले.

जबड्याचा दोष दात आपल्या परीने झाकत असतात. खालचा जबडा पुढे असला की खालचे दात आत झुकतात, वरचे पुढे कलतात. म्हणून आधी तारा लावून दात आपापल्या हाडावर सरळ उभे करावे लागतात. यास बहुधा वर्ष-दीड वर्ष लागते आणि या काळात चेहरा अधिकच विद्रूप दिसतो! नेमक्या याच टप्प्यावर कित्येक रुग्ण उपचार सोडून देतात.

मग छायाचित्रे, क्ष-किरण चित्रे व दातांचे साचे यांवरून, अलीकडे संगणकावरही, कोणता जबडा किती मिलिमीटर हलवावयाचा हे ठरते. केवळ बाजूने पाहून भागत नाही. हसताना वरचे दात किती दिसतात, हनुवटी मध्यरेषेत आहे का, हेही पाहावे लागते. खालचा जबडा फार मागे नेल्यास जिभेमागील श्वासमार्ग अरुंद होतो. त्यामुळे पुष्कळदा वरचा जबडा पुढे आणणे अधिक हितावह ठरते. ट्रॉनर व ओबवेगेसर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने खालचा जबडा तोंडाच्या आतूनच कापता येतो. चेहऱ्यावर व्रण राहत नाही.

शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे भाकरी चावता येत नाही. पेज, वरण, ताक यांवर राहावे लागते. खालचा ओठ बधिर होतो. बहुतेकांची बधिरता काही महिन्यांत कमी होते, काहींची थोडीफार कायम राहते. संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वी हे रुग्णाला स्वच्छ मराठीत सांगणे आमचे काम आहे, आणि सांगितले गेले नाही तर विचारणे तुमचे.