परकीय मदत आणि दोन छोटे देश
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



परकीय मदतीचा विषय निघाला की चर्चा बहुधा रकमेभोवती फिरते. श्रीमंत राष्ट्रांनी किती दिले आणि किती द्यायला हवे होते, याचाच हिशेब मांडला जातो. रक्कम गौण आहे असे नव्हे. पण माणशी भरघोस मदत मिळालेले दोन छोटे देश शेजारीशेजारी ठेवून पाहिले, तर निराळेच प्रश्न पुढे येतात. दक्षिण आफ्रिकेला लागून असलेला बोट्स्वाना आणि त्या देशाच्या अक्षरशः पोटात वसलेला लेसोथो हे असे दोन देश.

दोन्ही ब्रिटिशांच्या ताब्यात होते. बोट्स्वाना 30 सप्टेंबर 1966 रोजी आणि लेसोथो चारच दिवसांनी, 4 ऑक्टोबरला, स्वतंत्र झाला. लोकवस्ती थोडी, भाषा एकमेकींच्या बहिणी, आणि चोहोबाजूंना वा शेजारी वर्णद्वेषी राजवट. बोट्स्वानाची स्थिती तर अधिकच हलाखीची होती. दुष्काळाने गुरे मेली होती, डांबरी रस्ता उणापुरा दहा-बारा किलोमीटरचा होता, आणि सरकारचा जवळजवळ निम्मा चालू खर्च ब्रिटनच्या अनुदानावर चालत होता. या अनुदानाला दातृत्व म्हणण्याचे कारण नाही. ऐंशी वर्षे राज्य करून ज्यांनी राजधानीसुद्धा देशाबाहेर, माफेकिंगला, ठेवली, त्यांनी फेडलेल्या देण्याचा तो एक लहानसा हप्ता होता.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. 1967 मध्ये ओरापा येथे हिरे सापडले. त्याच वर्षी खनिजांवरील हक्क टोळ्यांकडून राष्ट्राकडे घेणारा कायदा झाला. ओरापा हे राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्याच बामांग्वाटो टोळीच्या मुलखात होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कायद्याचे वजन कळते. डी बिअर्स कंपनीबरोबरच्या व्यवहारात सरकारचा वाटा आरंभी अवघा 15 टक्के होता. तो 1975 मध्ये 50 टक्क्यांवर नेण्यात आला. ब्रिटिश अनुदानाची गरज 1972-73 च्या सुमारासच संपली होती. मदत मात्र थांबली नाही. स्वीडन, नॉर्वे, अमेरिका यांच्याकडून ती येतच राहिली आणि आफ्रिकेत माणशी सर्वाधिक मदत घेणाऱ्या देशांत बोट्स्वानाची गणना होत राहिली. पण क्वेट मासिरे यांच्या हाताखाली अर्थ व नियोजन ही खाती एकत्र करण्यात आली होती, आणि राष्ट्रीय योजनेत नसलेले काम कोणी फुकट करून देतो म्हटले तरी स्वीकारायचे नाही, असा दंडक होता. परदेशी तज्ज्ञ आले ते बहुशः सरकारी खात्यातले नोकर म्हणून, देणगीदारांचे मुनीम म्हणून नव्हे. 1994 मध्ये अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडणारा बोट्स्वाना हा पहिला देश ठरला.

लेसोथोची कथा अधिक बोधप्रद आहे, म्हणून तिच्याकडे जरा थांबून पाहावे लागते. 1975 मध्ये जागतिक बँकेच्या अहवालाने या देशाचे वर्णन आधुनिक अर्थव्यवस्थेचा स्पर्श न झालेला, पारंपरिक शेतकऱ्यांचा देश असे केले. वस्तुस्थिती अशी की, एकोणिसाव्या शतकात हाच देश किंबर्लीच्या खाणकामगारांना धान्य विकत होता. कॅलेडन नदीपलीकडची सुपीक जमीन बोअरांनी युद्धात बळकावली आणि उरलेल्या डोंगरातली माणसे खाणींकडे ढकलली गेली. सत्तरच्या दशकात लाखाहून अधिक बासोथो पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत राबत होते. त्यांच्या मजुरीवर घरे चालत होती. आणि बँकेचे तज्ज्ञ त्यांना शेती शिकवायला निघाले होते!

बँकेने आणि कॅनडाने मिळून थाबा-त्सेका या डोंगराळ भागात 1975 पासून जो प्रकल्प राबवला, त्याचे विवेचन जेम्स फर्ग्युसन या मानववंशशास्त्रज्ञाने 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केले आहे. लोकांनी जादा गुरे विकून थोडी पण सुधारित जातीची जनावरे पाळावीत, अशी योजना होती. लोकांनी ती मानली नाही. कुरणांची कुंपणेही तोडली. तज्ज्ञांना हा अडाणीपणा वाटला. पण खाणीत जाणाऱ्या माणसाच्या लेखी गुरे हेच त्याचे निवृत्तिवेतन होते. हातातला पैसा दहा वाटांनी जातो. गोठ्यातले जनावर अडीनडीखेरीज विकले जात नाही. यात चुकीचे काय होते? शेती सुधारली नाही. राजधानी मासेरूपासून रस्ता मात्र झाला, त्या रस्त्याने शासनयंत्रणा आणि शस्त्रधारी पोलिस डोंगरात पोहोचले, आणि थाबा-त्सेका हे नव्या जिल्ह्याचे ठाणे बनले. 1970 ची निवडणूक हरत आहोत असे दिसताच ती रद्द करून सत्तेवर बसलेल्या लेआबुआ जोनाथन सरकारला याहून उपयुक्त भेट कोणती? त्या निवडणुकीविषयी प्रकल्पाच्या कागदपत्रांत चर्चा नव्हती; मजुरीच्या प्रश्नाला तर तंत्रज्ञांच्या भाषेत जागाच नसते.

अर्थात सारे श्रेय बोट्स्वानाच्या शहाणपणाला देणे अन्यायाचे होईल. लेसोथोकडे ओरापा नव्हते. त्याच्याकडे होते ते पाणी, आणि 1986 च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेने नाकेबंदी केली, जोनाथन यांची सत्ता लष्कराने उलथली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या पाण्याचा करार झाला. बोट्स्वानालाही समाजवादी म्हणता येणार नाही. तिथली विषमता जगातल्या सर्वांत तीव्र विषमतांपैकी आहे, आणि कलहारीतून हुसकावलेल्या सान लोकांना आपल्या भूमीवरील हक्कासाठी 2006 पर्यंत न्यायालयात झगडावे लागले.

2025 मध्ये अमेरिकेने आपली मदतसंस्था गुंडाळली, तेव्हा लेसोथोतील एड्स-उपचाराची केंद्रे अडचणीत आली आणि आरोग्यसेवकांच्या नोकऱ्या गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बोट्स्वानातही औषधांच्या तुटवड्यामुळे आरोग्यविषयक आणीबाणी पुकारावी लागली. 2002 मध्ये आफ्रिकेत प्रथम एड्सची औषधे देशभर मोफत देऊ करणारा हाच देश. पण हिऱ्यांचा बाजार बसला होता, आणि तो बाजार गाबोरोनमधून चालत नाही.