पुस्तक मिटून इंग्रजी

"आमचा मुलगा इंग्रजी वाचतो, लिहितोही, मग नुसते ऐकले की गडबडतो का?" असे पुष्कळ पालक विचारतात. आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे खरी. पण वर्गात एक वाक्य वाचले की लागलीच त्याचा मराठी अर्थ सांगितला जातो. मूल अर्थाची वाट पाहत बसते, आणि इंग्रजी वाक्य कानाजवळून निघून जाते.

2019 साली दहावीच्या भाषा विषयांना तोंडी परीक्षेचे गुण नव्हते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. पुढच्या वर्षी 80 लेखी, 20 तोंडी अशी विभागणी परत आली. हे वीस गुण शाळेतच द्यायचे असतात. काही ठिकाणी ते काही न ऐकवताच वाटले जातात. आपण त्यावर पांघरूण घालू नये.

मराठीत आपण शब्दातली अक्षरे जवळजवळ सारख्या वजनाने बोलतो. इंग्रजीचे तसे नाही. 'थर्टी'त जोर पहिल्या अक्षरावर, 'थर्टीन'मध्ये बहुधा शेवटी. वाक्याच्या मध्ये 'कॅन' आला, तर तो 'कन्' इतका बारीक होतो. 'कान्ट' मात्र ठसठशीत राहतो. हे न कळल्याने होकाराचा नकार होतो बघा!

शिक्षकबंधूंनो, रोज पाच मिनिटे पुस्तके मिटवा. आधी फळ्यावर प्रश्न लिहा: गाडी किती वाजता सुटते? मग नेहमीच्या गतीने उतारा दोनदा वाचा. मध्ये मराठी नको. उत्तर लिहून झाल्यावरच पुस्तक उघडू द्या, आणि कोणता शब्द निसटला ते मुलांनाच शोधू द्या. कधी शेजारच्या वर्गावरच्या बाईंनाही वाचायला बोलवा, कारण एकाच आवाजाची सवय दगा देते.

बीड जिल्ह्याची अडचण आणखी निराळी. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि कित्येक मुलेही आईबापांबरोबर जातात. बुडालेले गणित मित्राच्या वहीतून उतरवता येते. ऐकण्याचा सराव कशातून उतरवणार? मागे हंगामी वसतिगृहात राहणाऱ्यांना संध्याकाळी कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावे. जाणाऱ्यांसाठी शिक्षकांनी दहा उतारे आपल्या आवाजात बापाच्या मोबाइलवर भरून द्यावेत, प्रश्न वहीत लिहून द्यावेत. जेवणे उरकली की कोपीत बसून ते ऐकता येतील. उत्तरे मात्र बरोबर देऊ नका. आठवड्याने पोराला फोन करून ती त्याच्याकडूनच ऐका.