किल्ली कोणाच्या कमरेला?

क्रिप्टोकरन्सी विकत घ्यावी की नाही, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय नाही. तो सल्ला देण्याचा माझा अधिकारही नाही. मी कविता लिहिणारा माणूस. पण आमच्या भंडारा जिल्ह्यातली पुष्कळ मुले आज नागपूर, पुणे, हैदराबादला नोकरी करतात आणि पगारातले हजार-दोन हजार रुपये या डिजिटल नाण्यांत घालतात. घरी आईवडिलांना त्याची कल्पना असतेच असे नाही. पैसा घातलाच आहे, तर तो सुरक्षित कसा ठेवायचा, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

सुरुवातीला एक गैरसमज दूर करू. बिटकॉइन किंवा त्यासारखे नाणे तुमच्या फोनमध्ये नसते आणि वॉलेट नावाच्या उपकरणातही नसते. कोणाच्या नावावर किती नाणी आहेत याची एक जाहीर खातेवही जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिलेली असते. तुमच्याकडे असते ती फक्त किल्ली, म्हणजे एक प्रचंड मोठी गुप्त संख्या. ती वापरून तुम्ही सही केली की खातेवहीत नोंद बदलते. किल्ली ज्याच्या हाती, नाणे त्याचे. सही खरी की खोटी हे विचारायला इथे बँकेचा मॅनेजर बसलेला नसतो.

आता ही किल्ली राहते कुठे? बहुतेक मुले ॲपवर खाते उघडतात आणि नाणी तिथेच राहू देतात. म्हणजे किल्ली कंपनीच्या कमरेला. मराठीत आपण 'अनामत रक्कम' म्हणतो. हा शब्द मूळ अरबी 'अमानत'. विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली वस्तू, असा त्याचा अर्थ. आमच्या घरी उर्दूत तो 'अमानत'च राहिला. मराठीत येताना म आणि न यांनी जागा बदलली, अर्थ मात्र तोच राहिला. ॲपवर ठेवलेले नाणे ही अशी अनामत आहे. बँकेतल्या अनामतीला ठेव विम्याचे पाच लाख रुपयांपर्यंतचे कवच आहे. या अनामतीला तसे काही नाही.

याचा अनुभव मुंबईच्या वझीरएक्स या कंपनीच्या ग्राहकांनी घेतला. १८ जुलै २०२४ रोजी तिच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची नाणी चोरीला गेली. ग्राहकांच्या एकूण ठेवीचा तो साधारण ४५ टक्के हिस्सा होता. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया या देशांनी जानेवारी २०२५ मध्ये संयुक्त निवेदन काढून ही चोरी उत्तर कोरियाच्या टोळ्यांची असल्याचे सांगितले. ज्यांनी पैसे ठेवले होते त्यांचे व्यवहार गोठले. प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेले आणि कंपनीचे कामकाज पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. गोंदियाच्या किंवा साकोलीच्या मुलाने आपल्या पगारातून घेतलेले नाणे, आणि त्याचा निवाडा सिंगापूरला!

दुसरे उदाहरण पुण्याचे. बिटकॉइनच्या एका मोठ्या फसवणुकीचा तपास २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी हाती घेतला आणि तांत्रिक मदतीसाठी दोन तज्ज्ञ बोलावले. मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी त्या दोघांनाच अटक केली. आरोपींच्या वॉलेटमधली नाणी त्यांनी स्वतःकडे वळवली, असा त्यांच्यावर आरोप आहे. आरोपाचा निकाल न्यायालय देईल. आपण एवढेच लक्षात घ्यायचे की किल्ली ज्याला दिसली, त्याला नाणे नेता येते.

म्हणून हार्डवेअर वॉलेट. पेनड्राइव्हएवढे किंवा लहान कॅल्क्युलेटरएवढे हे उपकरण असते. चेक प्रजासत्ताकातल्या ट्रेझर कंपनीने २०१४ साली असे पहिले उपकरण बाजारात आणले. त्याच सुमारास फ्रान्सची लेजर कंपनी उभी राहिली. आता अनेक कंपन्या आहेत, भारतातलीही आहे. याचे काम एकच: किल्ली आत जन्मते, आतच राहते. फोन किंवा संगणक 'अमक्याला एवढे द्यायचे आहेत' असा कागद उपकरणाकडे पाठवतो, उपकरण आतल्या आत सही करते आणि फक्त सही बाहेर येते. तुमच्या संगणकात व्हायरस असला तरी त्याला किल्ली दिसत नाही.

पण इथे वझीरएक्सच्या प्रकरणाकडे पुन्हा एकदा पाहावे लागते. त्या वॉलेटमधून पैसे हलवायला अनेकांच्या सह्या लागत होत्या, आणि कंपनीच्या निवेदनानुसार तिचे सही करणारे लोक हार्डवेअर वॉलेटच वापरत होते. तरीही चोरी झाली. कारण, कंपनीच्याच म्हणण्याप्रमाणे, संगणकाच्या पडद्यावर दिसत होता एक व्यवहार आणि प्रत्यक्ष सही झाली दुसऱ्याच व्यवहारावर. पूर्वी सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा, त्यातलाच हा प्रकार. या धंद्यात त्याला 'ब्लाइंड सायनिंग', म्हणजे आंधळी सही म्हणतात.

यावरून पहिले उपकरण निवडण्याची पहिली कसोटी मिळते. त्याचा स्वतःचा पडदा हवा, आणि तो वाचता येईल इतका मोठा हवा. पैसे कोणत्या पत्त्यावर आणि किती जाणार, हे त्या पडद्यावर वाचायचे, फोनवर नव्हे. पत्ता म्हणजे तीस-चाळीस अक्षरे-आकड्यांची ओळ. लोक पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे पाहून समाधान मानतात. चोरांना हे ठाऊक आहे, म्हणून ते पहिली आणि शेवटची अक्षरे जुळणारे पत्ते तयार करून ठेवतात. मधलीही वाचा. चाळिशीनंतर डोळे साथ देत नसतील तर काही हजार रुपये जास्त देऊन मोठ्या पडद्याचे घ्या.

दुसरी कसोटी, कुठून घेता याची. थेट कंपनीकडून किंवा तिने नेमलेल्या विक्रेत्याकडूनच. स्वस्तात मिळते म्हणून जुने, वापरलेले घेऊ नये. खोके उघडल्यावर आत गुप्त शब्द आधीच छापलेले किंवा लिहिलेले कार्ड निघाले, तर ते चोराने पाठवले आहे असे समजा. लेजरच्या ग्राहकांची नावे आणि पत्ते २०२० मध्ये फुटले, आणि पुढच्या वर्षी काहींच्या घरी कंपनीच्या नावाने बनावट उपकरणे टपालाने आली. 'सुरक्षेसाठी हे नवे वापरा आणि आपले शब्द यात भरा,' असे पत्र सोबत. कंपनीचा माणूस म्हणून कोणी फोन केला, पत्र पाठवले, मेल पाठवला, तरी शब्द सांगायचे नाहीत. खऱ्या कंपनीला ते लागतच नाहीत.

तिसरी कसोटी थोडी तांत्रिक आहे. काही उपकरणांत एटीएम कार्डात असते तशी खास सुरक्षित चिप असते. काहींचा भर आतली सगळी रचना उघडी ठेवण्यावर असतो, म्हणजे जगातल्या कोणत्याही जाणकाराला ती तपासता येते. उघड्या रचनेचा फायदा उघडच आहे. पण २०२० मध्ये क्रॅकन या एक्स्चेंजच्या तज्ज्ञांनी दाखवून दिले की ट्रेझरची त्या वेळची उपकरणे पंधरा मिनिटे हातात मिळाली तर त्यातले गुपित काढता येते. पुढे त्या कंपनीनेही नव्या मॉडेलांत सुरक्षित चिप बसवली. आज पहिल्यांदा घेणाऱ्याने दोन्ही गोष्टी पाहाव्यात. आपल्याकडे जे नाणे आहे ते या उपकरणात चालते का, हेही आधी विचारावे. तुमची सगळी नाणी मिळून उपकरणाच्या किमतीएवढीच असतील, तर मात्र घाई नको. चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला कशाला?

आता माझ्या प्रांतात येतो. म्हणजे शब्दांच्या.

उपकरण पहिल्यांदा सुरू केले की ते तुम्हाला बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द दाखवते. त्यांना 'सीड फ्रेज' म्हणतात. सीड म्हणजे बी. आमच्या धानाच्या जिल्ह्यात हे समजावून सांगावे लागू नये. बियाण्याचे पोते जपले, तर पऱ्हे पुन्हा टाकता येतात. तसे हे शब्द असले, तर उपकरण हरवले, फुटले, पाण्यात पडले तरी नवे आणून सगळ्या किल्ल्या पुन्हा उगवता येतात. आणि शब्द दुसऱ्याच्या हाती लागले, तर त्याला तुमचे उपकरण चोरण्याची गरजच उरत नाही.

हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात. २०१३ साली ही पद्धत मांडली गेली. मी ती यादी कवितासंग्रह वाचावा तशी वाचली. त्यात राइस आहे, लेक आहे, सिल्क आहे, टायगर आहे, ब्रास आहे. म्हणजे धान, तलाव, टसर, वाघ आणि पितळ. सगळा भंडारा जिल्हाच म्हणा ना. 'पोएट'सुद्धा आहे! फ्रेंच, स्पॅनिश, जपानी, कोरियन, चेक अशा भाषांतही अशा याद्या आहेत. मराठीत नाही, हिंदीत नाही, उर्दूतही नाही. त्यामुळे ज्याला इंग्रजी येत नाही अशा घरच्या माणसालाही हे शब्द जपावे लागतील, हे ध्यानात ठेवून अक्षर सुवाच्य काढा, प्रत्येक शब्दाला क्रमांक घाला. क्रम चुकला तर शब्द बरोबर असूनही दार उघडत नाही.

शब्द आपल्या मनाने निवडायचे नसतात, यंत्रालाच निवडू द्यायचे. पूर्वी काही हौशी लोकांनी आवडत्या कवितेची किंवा गाण्याची ओळ हीच आपली किल्ली केली होती. चोरांच्या संगणकांनी पुस्तकेच्या पुस्तके चाळून त्या ओळी शोधल्या आणि नाणी नेली. कवितेची ओळ चांगली असते ती अनेकांच्या ओठांवर असते म्हणून. किल्लीत हाच गुण दोष ठरतो.

माझ्या भाच्याने असे उपकरण घेतले, तेव्हा तो म्हणाला, "मामू, तुम्हाला तर शेकडो कविता पाठ आहेत. माझे चोवीस शब्दही पाठ करून ठेवता का?" मी नाही म्हणालो. माझे वय पन्नाशीच्या पुढे आहे, आणि पाठ असलेली गोष्ट कविसंमेलनात म्हणून दाखवायची मला सवय आहे. त्याला सांगितले, लिहून ठेव. फोटो काढू नको, व्हॉट्सॲपवर पाठवू नको, संगणकात टाइप करू नको. आणि मला दाखवूही नको.

कागद हा सुरुवातीला ठीक. पण ऑगस्ट २०२० अखेरीस वैनगंगेचे पाणी भंडारा शहरात शिरले, तेव्हा कपाटातल्या कागदांचे काय होते ते आम्ही पाहिले आहे. म्हणून लोक शब्द धातूच्या पट्टीवर ठोकून ठेवतात. आमचे शहर पितळी भांड्यांचे. गुंडावर, गडव्यावर नाव कोरून घ्यायची रीत घरोघर. तरी इथे पितळेपेक्षा स्टेनलेस स्टील बरे. पितळ साधारण नऊशे अंशांच्या पुढे वितळू लागते, स्टीलला चौदाशेच्या आसपास उष्णता लागते. मात्र भांड्यांच्या दुकानात नेऊन शब्द कोरून घेऊ नका, कोरणारा ते वाचणारच. अक्षरांचे पंच आणि हातोडी आणा, आणि दार लावून स्वतः ठोका. पट्टीच्या दोन प्रती, दोन निराळ्या जागी. अर्धे शब्द इथे, अर्धे तिथे असे करू नका. एक जागा गेली की सगळेच जाते.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. सगळी नाणी हलवण्याआधी शंभर-दोनशे रुपयांचे नाणे उपकरणाच्या पत्त्यावर पाठवा. मग उपकरण मुद्दाम पुसून टाका, आणि पट्टीवरचे शब्द उपकरणातच भरून तेच नाणे पुन्हा दिसते का ते पाहा. दिसले, की मग उरलेले हलवा. ही तालीम घरच्या एका विश्वासू माणसासमोर करावी, म्हणजे पुढे वेळ आली तर त्याला हात कापत करावी लागणार नाही.

ती वेळ कोणती, हे सांगायला नको. बँकेत वारसाचे नाव नोंदवलेले असते. मृत्यूचा दाखला घेऊन गेले की उशिरा का होईना, पैसे मिळतात. या उपकरणात वारसाची नोंद नसते. मालक गेला आणि शब्द कुठे आहेत ते कोणाला ठाऊक नसले, तर जगातले कोणतेही न्यायालय ते नाणे बायकोमुलांना मिळवून देऊ शकत नाही. खातेवहीत ते दिसत राहील, एवढेच. म्हणून एक साधे पत्र मराठीत लिहून ठेवा: उपकरण कुठे आहे, पट्टी कुठे आहे, मदत कोणाची घ्यायची आणि कोणाची घ्यायची नाही. शब्द मात्र त्या पत्रात नकोत, मृत्युपत्रातही नकोत. ते अनेकांच्या हातांतून जाते. नाणी कधी आणि किती रुपयांना घेतली याचाही हिशेब सोबत ठेवा. या व्यवहारातल्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के प्राप्तिकर आहे, आणि तो हिशेब पुढे वारसांनाही द्यावा लागेल.

किल्ली दुसऱ्याच्या कमरेला ठेवली तर त्याची चूक आपल्याला भोवते, आपल्या कमरेला बांधली तर आपली. ज्याला पट्टी ठोकणे, तालीम करणे, घरात सांगून ठेवणे जमणार नसेल, त्याने हे उपकरण घेऊ नये, आणि गमावणे झेपणार नाही इतका पैसाही या नाण्यांत घालू नये. ज्याने ठरवले आहे त्याने आज रात्री जेवताना घरी निदान एवढे तरी सांगावे, की माझ्याकडे असे असे काही आहे. कोणते उपकरण घ्यायचे, ते उद्या बघता येईल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)